खामगावचे वकील आणि सुदाम्याचे पोहे

गेल्या वैशाखात माझे आबाजी वारले. त्यांच्या तेरवीला डोणगावातले आमचे सारे भाऊबंद, सोयरेधायरे आणि शेजारपाजार जेवून गेले. उन्हाळ्याचे दिवस होते. सोयाबीन केव्हाच विकले गेले होते आणि तूरही घरात उरली नव्हती. पेरणीसाठी बाजूला काढून ठेवलेले पैसे बाबांनी आचाऱ्याच्या आणि किराणा दुकानदाराच्या हाती दिले. मृगाचा पाऊस पडला तेव्हा बियाणे उधारीवर आणावे लागले. आमच्या घरात जे घडले ते आमच्या भागातील कितीतरी घरांत घडते, म्हणून त्याचे कोणालाच विशेष वाटले नाही.

मला मात्र फार वाटले. महाविद्यालय सुरू झाल्यावर भित्तिपत्रकासाठी मी तेरवीच्या जेवणावळींवर एक जळजळीत लेख लिहिला. त्यात अडाणी, आंधळे, दांभिक अशी विशेषणे सढळ हाताने वापरली होती. कोणाचे नाव घातले नव्हते, पण डोणगावात नाव घालावे लागत नाही. कोणीतरी त्या लेखाचा मोबाईलवर फोटो काढला आणि तो संध्याकाळपर्यंत आमच्या घरी पोचला. बाबांनी तो वाचला आणि काही न बोलता ते शेताकडे निघून गेले. काकांनी माझ्याशी बोलणे सोडले. आईने फक्त एवढेच विचारले की, त्या अडाण्यांत आपणही येतो का.

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. लेखात लिहिलेले एकही वाक्य खोटे नव्हते. मग तो वाचून कोणाचेही मन का बदलले नाही, हा प्रश्न घेऊन मी मराठीच्या सरांकडे गेलो. सरांनी उपदेश केला नाही. त्यांनी ग्रंथालयातून ‘सुदाम्याचे पोहे’ हे जाड पुस्तक काढून दिले आणि हा लेखक आपल्याच जिल्ह्यात राहत होता एवढेच सांगितले. हे एवढे घरचे लिहिण्यास मी बाबांची परवानगी घेतली आहे. आता त्या लेखकाविषयी लिहितो.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे नाव आपल्याला पाठ्यपुस्तकातून ठाऊक असते. आधुनिक मराठी विनोदाचे जनक असे एक वाक्य आपण परीक्षेत लिहितो, दोन गुण मिळवतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. मीही तसेच केले होते. खामगावला मी कितीदा तरी गेलो असेन; मेहकरला एस.टी. बदलायची आणि खामगावला उतरायचे. पण याच गावात आणि याच जिल्ह्यातल्या जळगाव-जामोदला वकिली करणाऱ्या एका गृहस्थाने मराठी माणसाला स्वतःकडे पाहून हसायला शिकविले, हे माझ्या कधी मनातही आले नव्हते.

कोल्हटकरांचा जन्म २९ जून १८७१ रोजी नागपूरला झाला. १८८८ साली ते अकोल्याहून मॅट्रिक झाले आणि पुढील शिक्षणासाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. वय अवघे सतरा वर्षांचे. वऱ्हाडातून पुण्याला जाणाऱ्या मुलाने ज्या वर्षी पुण्यात पाऊल ठेवावे, त्याच वर्षी ऑक्टोबरात गोपाळ गणेश आगरकरांनी आपले ‘सुधारक’ पत्र सुरू करावे, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. आगरकरही विद्यार्थिदशेत अकोल्यास राहिलेले आणि तेही डेक्कन कॉलेजचेच विद्यार्थी.

ते पुणे म्हणजे वादांचे पुणे होते. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, हा प्रश्न घराघरांत चर्चिला जात होता. याच मतभेदातून आगरकर १८८७ मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले होते. १८९१ च्या मार्च महिन्यात संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचे संमतीचे वय दहाचे बारा झाले. एवढ्याशा बदलासाठी केवढे काहूर उठले होते! समाजाच्या रूढींत सरकारने हात घालू नये हे मत त्या वेळी अत्यंत लोकप्रिय होते आणि त्याच्या विरुद्ध बोलणाऱ्याला धर्मबुडवा ही पदवी ठेवलेलीच असे. कोल्हटकर बी.ए. झाले ते याच १८९१ साली. म्हणजे त्यांच्या कॉलेजातील शिक्षणाबरोबरच हे दुसरेही शिक्षण चालू होते.

आगरकरांची पद्धत सरळ घाव घालण्याची होती. बालविवाह, विधवांचे केशवपन, सोवळेओवळे यांतील एकेका गोष्टीचा ते बुद्धीच्या कसोटीवर कस लावीत आणि जे टिकत नसे ते फेकून द्या म्हणून सांगत. त्याचे फळ त्यांना असे मिळाले की, पुण्यातल्या लोकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. अठराशे पंचाण्णवच्या जून महिन्यात, वयाच्या चाळिशीच्या आतच, आगरकर गेले. त्यांचे विचार पुढे टिकले, रुजले, पण ज्या पिढीसाठी त्यांनी लिहिले तिच्यातील पुष्कळांनी कान झाकून घेतले होते, हेही तितकेच खरे आहे. कोल्हटकरांची मते आगरकरांच्या मतांपासून फारशी दूर नव्हती. त्यांनी वाट मात्र निराळी धरली.

१८९७ मध्ये कोल्हटकर एल्एल्. बी. झाले आणि वऱ्हाडात येऊन वकिली करू लागले. वऱ्हाड तेव्हा नावाने निजामाचे आणि कारभाराने इंग्रजांचे होते. खामगाव कापसाच्या बाजारासाठी प्रसिद्ध होते. कापूस आला की पैसा येतो, पैसा आला की व्यवहार येतो आणि व्यवहार आला की मागोमाग कज्जेही येतात. अशा गावात वकिलाला काम मिळते. परंतु साहित्यिकाला काय मिळते? पुण्यामुंबईची नाटकगृहे दूर, मासिकांच्या कचेऱ्या दूर, वाद घालायला जमणारी विद्वानांची मंडळीही दूर.

मला मात्र असे वाटते की, याच दूरपणाने त्यांना घडविले. मोठ्या शहरात लेखक ज्यांच्यावर टीका करतो त्यांचे तोंड त्याला रोज पाहावे लागत नाही. छोट्या गावात तसे नसते. ज्याच्या व्रतवैकल्यांवर आज लिहायचे त्याच्याकडे उद्या हळदीकुंकवाला बायकोला पाठवायचे असते. ज्याच्या घरच्या लग्नसोहळ्याला हसायचे तो परवा पक्षकार म्हणून दारात उभा राहणार असतो. अशा ठिकाणी लेखकाला दोनच मार्ग असतात. एक तर गप्प बसावे, नाही तर असे लिहावे की ज्याच्यावर लिहिले तोही आपल्याबरोबर हसेल. गप्प बसणे हा कोल्हटकरांचा स्वभाव नव्हता.

आधी त्यांच्या इतर लेखनाविषयी थोडक्यात सांगतो. ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात १८९३ मध्ये त्यांनी ‘विक्रमशशिकला’ या नाटकावर विस्तृत टीका लिहिली आणि साक्षेपी टीकाकार म्हणून त्यांचे नाव झाले. पुढे १८९६ मध्ये ‘वीरतनय’ आणि १९०१ मध्ये ‘मूकनायक’ ही त्यांची नाटके आली. नाट्यपदांना त्यांनी नव्या, उडत्या चालींची जोड दिली आणि त्या चाली लोकांच्या तोंडी बसल्या. ‘मूकनायका’त त्यांनी मद्यपानाचा प्रश्न घेतला, तर ‘मतिविकारा’त विधवेच्या पुनर्विवाहाचा. एकूण बारा नाटके, ‘दुटप्पी की दुहेरी’ व ‘श्यामसुंदर’ या कादंबऱ्या आणि कविता एवढा त्यांचा संसार आहे. शाळेत आपण म्हणतो ते ‘महाराष्ट्रगीत’ही त्यांचेच. शिवाय ज्योतिर्गणिताचा त्यांचा व्यासंग मोठा होता. ‘भारतीय ज्योतिर्गणित’ हा त्यांचा ग्रंथ त्याची साक्ष देतो. ग्रहांची गती गणिताने मोजणाऱ्या या माणसाला ग्रहांच्या नावाने भिणाऱ्या माणसांबद्दल काय वाटत असेल, याची आपण कल्पना करू शकतो.

आणि मग १९०२ साल उजाडले. ‘विविधज्ञानविस्तारा’त त्यांचा ‘साक्षीदार’ हा विनोदी लेख प्रसिद्ध झाला. वकिलाच्या लेखणीतून पहिला विनोद उतरावा तो साक्षीदारावर, हे अगदी स्वाभाविक होते. त्यानंतर असे लेख एकामागून एक येत गेले. १९१० मध्ये अठरा लेखांचा संग्रह निघाला, म्हणून त्याला ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ असे जोडनाव मिळाले. पुढे लेखांची संख्या बत्तीस झाली आणि १९२३ मध्ये ‘साहित्यबत्तिशी’ या जोडनावाने मोठा संग्रह आला. दोन्हीकडे मुख्य नाव एकच होते, ‘सुदाम्याचे पोहे’.

या नावाचा विचार मी बरेच दिवस करीत होतो. सुदामा द्वारकेला गेला तो उपदेश करायला गेला नव्हता. गरीब मित्र, फडक्यात बांधलेले मूठभर पोहे आणि ते देताना वाटणारा संकोच एवढेच त्याच्याजवळ होते. लेखकाने आपल्या टीकेला हे नाव द्यावे यात त्याची सारी भूमिका आली, असे मला वाटते. वाचक मोठा, लेखक लहान. आणि जे आणले आहे ते मित्राच्या नात्याने आणले आहे.

आता त्या लेखांची रचना पाहू. लेख सांगणारा स्वतः सुदामा. त्याच्या जोडीला बंडूनाना आणि पांडूतात्या हे दोन सोबती. हे तिघेही सुधारक नाहीत. उलट रूढीवर, शकुनावर, शास्त्रार्थावर त्यांची भक्ती असते आणि प्रत्येक जुन्या समजुतीच्या बाजूने बोलायला त्यांच्यापाशी युक्तिवाद तयार असतात. सण असो, व्रत असो, लग्न असो, हे तिघे ते सर्व विधी अगदी अक्षरशः, शेवटच्या टोकापर्यंत पार पाडायला निघतात. आणि तिथेच त्यांची फजिती होते. ती फजिती सुदामा मोठ्या गांभीर्याने सांगत असतो. आपले काही चुकले असे त्याला वाटतच नाही. वाचक हसतो आणि हसता हसता त्याच्या लक्षात येते की, गेल्या सणाला आपणही हेच केले होते.

ही युक्ती कोठून आली असावी? माझ्या अल्पमतीप्रमाणे ती न्यायालयातून आली. चांगला वकील समोरच्या साक्षीदाराला खोटारडा म्हणत नाही. तो त्याच्याशी अदबीने बोलतो, त्याचे म्हणणे मान्य केल्यासारखे दाखवितो, त्याला आणखी बोलू देतो, एकेक साधा प्रश्न विचारीत पुढे नेतो, आणि शेवटी साक्षीदाराच्या तोंडूनच अशी गोष्ट बाहेर पडते की वकिलाला काही बोलण्याची गरज राहत नाही. याला उलटतपासणी म्हणतात. ‘सुदाम्याचे पोहे’ ही रूढींची उलटतपासणी आहे. रूढीला पिंजऱ्यात उभे केले आहे, पण तिला शिवी दिलेली नाही. तिला फक्त मनसोक्त बोलू दिले आहे. निकाल देण्याचे काम वाचकावर सोपविले आहे. आणि जो निकाल माणूस स्वतः देतो, तो त्याला सहसा फिरवता येत नाही.

या युक्तीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सुदामा स्वतःला कधीच वगळत नाही. सर्वांत जास्त फजिती त्याची होते. आगरकर वाचताना वाचक एका बाजूला असतो आणि लेखक दुसऱ्या बाजूला. कोल्हटकर वाचताना दोघेही एकाच पाटावर बसलेले असतात. माझ्या भित्तिपत्रकातल्या लेखात मी कोठे होतो, असे मी स्वतःला विचारले. मी कोठेच नव्हतो. मी उंच माडीवर बसून खालच्या पंगतीकडे बोट दाखवीत होतो.

कोल्हटकरांनी केवळ जुन्याचीच थट्टा केली असे मात्र समजू नये. परिषदा आणि संमेलने यांना त्या काळी मोठा बहर आला होता. प्रत्येक जातीची, धंद्याची, विषयाची परिषद भरे. अध्यक्ष बोलत, ठराव पास होत आणि मंडळी आपापल्या घरी जात. संमेलन भरविले की सुधारणा झाली ही नव्या लोकांची आवडती कल्पना होती. कोल्हटकरांनी ‘चोरांचे संमेलन’ लिहिले. सज्जन संमेलने भरवितात तर चोरांनी का भरवू नयेत? गंमत अशी की, पुढे १९२७ मध्ये पुण्याला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्राने याच गृहस्थांना निवडले आणि त्यांनी ते पद भूषविले. ज्याची थट्टा केली त्याच मांडवात मानाने बसावयास मिळावे, यापेक्षा त्या थट्टेत विष नव्हते याचा आणखी कोणता पुरावा हवा?

परंतु एकाच बाजूने लिहिणे बरे नव्हे. कोल्हटकरांच्या विनोदालाही मर्यादा आहेत आणि त्यांच्याच रीतीने, पण स्पष्टपणे, त्या सांगितल्या पाहिजेत. त्यांना शब्दांवरील कोट्यांचा फार सोस होता. एका वाक्यात तीन कोट्या आल्या की आजच्या वाचकाला ते वाक्य दोनदा वाचावे लागते आणि दुसऱ्यांदा वाचलेल्या विनोदाला हसू येतेच असे नाही. त्यांच्या नाटकांतील गुंतागुंतीची, वेषांतरांनी भरलेली कथानके आता रंगभूमीवर दिसत नाहीत. त्यांचे विश्व मुख्यतः पांढरपेशा समाजाचे आहे. खामगावच्या बाजारात कापसाच्या गाड्या घेऊन येणारे शेतकरी त्यांनी रोज पाहिले असतील, पण सुदाम्याच्या पंक्तीला ते बसलेले दिसत नाहीत. माझे पणजोबा त्या गाड्यांपैकी एखाद्या गाडीवर असतील, या विचाराने मला ही उणीव थोडी अधिक जाणवते.

दुसरी मर्यादा याहून खोल आहे. सौम्यपणा हा नेहमीच गुण असतो का? महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात जन्मापासून मरणापर्यंतच्या प्रत्येक प्रसंगी धर्माच्या नावाने शेतकऱ्याची गाठ कशी सोडली जाते ते दाखविले. त्या पुस्तकात सौम्यपणा नाही आणि तो असण्याचे कारणही नाही. ज्याच्या पाठीवर वळ उठले आहेत त्याने हळू आवाजात ओरडावे, असे कोणी कोणत्या तोंडाने सांगावे? पण फुल्यांचा असूड चालला तो लुबाडणाऱ्यावर. माझा चालला तो माझ्या बापावर, म्हणजे जो लुबाडला गेला त्याच्यावर. शस्त्र कोणते घ्यावे हे समोर कोण आहे यावर अवलंबून असते. आपल्याच माणसाच्या डोक्यात बसलेल्या समजुतीशी झुंजायचे असेल तर सुदाम्याची वाट बरी, असे माझे मत झाले आहे.

तिसरी शंका सरांनी काढली. लोक हसले आणि घरी जाऊन तेच करीत राहिले, तर मग त्या हसण्याचा उपयोग काय? हे खरे आहे. ‘सुदाम्याचे पोहे’ वाचून कोणी दुसऱ्या दिवशी मुहूर्त पाहणे सोडले नसेल. हसणे ही पळवाटही होऊ शकते. दुसऱ्या कोणाला तरी हसलो, आता आपले कर्तव्य संपले, असे वाचकाला वाटू शकते. यावर मला एकच सुचते. ज्या गोष्टीला माणूस एकदा हसला ती गोष्ट तो पुढे पूर्वीच्याच भीतीने करू शकत नाही. भीती गेली की सवय उरते, आणि सवय सुटायला वेळ लागला तरी ती सुटते.

येथे वऱ्हाडच्याच आणखी एका थोर पुरुषाची आठवण होते. गाडगेबाबा हे कोल्हटकरांपेक्षा पाच वर्षांनी लहान, १८७६ सालचे. एक डेक्कन कॉलेजात शिकलेला वकील, दुसरे शाळेचे तोंड न पाहिलेले संत. दोघांत साम्य काय असणार? पण गाडगेबाबांचे कीर्तन आठवा. तेही प्रश्नच विचारीत. साधे, घरगुती, लहान मुलालाही उत्तर देता येईल असे प्रश्न. श्रोते उत्तर देत, आणखी प्रश्न येई, पुन्हा उत्तर, आणि शेवटी सारा समुदाय स्वतःच्याच तोंडाने नवसाच्या बोकडाविरुद्ध, ऋण काढून केलेल्या सणाविरुद्ध बोलू लागे. तीही उलटतपासणीच होती. फरक एवढाच की, ती कोर्टात नव्हती, छापील पानावर नव्हती, ती उघड्या मैदानात हजारोंच्या समोर होती. कोल्हटकरांची पंक्ती जेथे पोचली नाही तेथे बाबांचे कीर्तन पोचले. आमचे आबाजी गाडगेबाबांच्या गोष्टी सांगताना रंगून जात. त्याच आबाजींची तेरवी आम्ही पेरणीच्या पैशांतून घातली. सुदामा असता तर त्याने एवढीच गोष्ट गंभीरपणे सांगितली असती आणि पुढे काही बोलला नसता.

कोल्हटकरांची परंपरा पुढे मोठी झाली. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानीत. गडकऱ्यांचा बाळकराम हा सुदाम्याचाच धाकटा भाऊ होय. वि. स. खांडेकरांनीही त्यांचे ऋण सदैव मानले. त्या खांडेकरांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला आणि तो मराठीतील पहिला ज्ञानपीठ ठरला. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ पाहिले की बंडूनानांची आठवण होतेच. शिष्यांची कीर्ती गुरूपेक्षा अधिक झाली आणि गुरू पाठ्यपुस्तकातील एका वाक्यापुरता उरला. १ जून १९३४ रोजी कोल्हटकरांचे निधन झाले. त्यांचे ‘आत्मवृत्त’ त्यांच्या पश्चात, १९३५ मध्ये, प्रसिद्ध झाले.

पुस्तक परत करण्याची मुदत दोनदा वाढवून घेऊन मी ते संपविले आणि तेरवीवरचा लेख पुन्हा लिहायला बसलो. या वेळी मी स्वतःला पंगतीत बसविले. तसे बसविताच पहिल्या लेखात मी काय लपविले होते ते मला आठवले. तेरवीला परीक्षा संपलेल्या माझ्या मित्रांना मीच बोलाविले होते. पानांचा आकडा वाढला त्याला माझाही हातभार होता. त्यांच्या पंगतीत मी स्वतः बुंदीचे ताट घेऊन फिरलो होतो आणि नको नको म्हणणाऱ्याला आग्रह करकरून वाढले होते, कारण आमच्या घरी काही कमी पडले असे कोणी म्हणू नये, असे मलाही वाटत होते. दिवंगत माणसापेक्षा जेवणाऱ्या माणसाच्या मताची मला अधिक काळजी होती. बाबांनाही तीच काळजी होती. आम्हा दोघांत फरक एवढाच की, मी नंतर लेख लिहिला आणि त्यांनी नंतर उधारी फेडली.

नवा लेख मी एका रात्री बाबांना वाचून दाखविला. आग्रहाच्या वर्णनाशी ते हसले. बियाण्याच्या उधारीपाशी आल्यावर हसले नाहीत. वाचन संपल्यावर बराच वेळ ओसरीवर कोणी बोलले नाही. मग त्यांनी वैशाखात आबाजींचे वर्षश्राद्ध येते त्याचा विषय स्वतःहून काढला आणि घरचे किती, बाहेरचे किती, अशी बोटांवर मोजणी सुरू केली. आकडा अजून ठरलेला नाही. तो काकांना विचारल्याशिवाय ठरणारही नाही.

तो लेख मी या अंकासाठी दिलेला नाही. काकांनी तो अजून वाचलेला नाही, आणि त्यांच्या आधी तो इतरांनी वाचणे बरे दिसणार नाही. म्हणून त्याऐवजी, ज्यांच्यामुळे तो लिहिता आला त्या खामगावच्या वकिलांचे हे चरित्र संपादकांच्या स्वाधीन करीत आहे.